लोणंदिन

१८ नोव्हेंबर, सांगली

मोठा शोध लागला की नंतर लोक विचारतात, त्या दिवसांत तुमचं काय चाललं होतं, आणि शास्त्रज्ञाला काहीच आठवत नाही. माझं तसं होऊ नये म्हणून आजपासून ही दैनंदिनी. तर नोंद: सकाळी पोहे. कोरडे.

शोध अजून लागलेला नाही. पण लागायलाच हवा, कारण आज विश्वजीत सरांनी, म्हणजे आमच्या प्राचार्यांनी, मला बोलावून केबिनचं दार लावून घेतलं. आमच्या कॉलेजला एका सरकारी योजनेतून मास स्पेक्ट्रोमीटर मिळालेला आहे. जानेवारीत त्या योजनेची समिती येणार आणि मशीननं आजवर काय दिवे लावले ते बघणार. काही दिसलं नाही तर मशीन पुण्याला जाणार. माझी नेमणूक मशीनला बांधलेली, त्यामुळे मी वाळव्याला, वडिलांच्या उसात. सर म्हणाले, "काहीतरी करा, डॉक्टर." एरवी ते मला शेलार म्हणतात.

आप्पांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. ते मशीनला वजनकाटा म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते चूक नाही. प्रथिनाचे तुकडे करायचे, एकेका तुकड्याचं वजन करायचं आणि वजनांवरून प्रथिन कोणतं ते ओळखायचं. आप्पांचं सगळं आयुष्य कारखान्याच्या काट्यावर ऊस घालून, काटा मारतात, वजन कमी दाखवतात म्हणून भांडण्यात गेलं. त्यांनी नेहमीचंच विचारलं, "काटा बराबर हाय न्हवं? मारत न्हाई न्हवं?" मी म्हटलं, बरोबर आहे. मग काळजी कसली, म्हणाले आणि फोन ठेवला.

काय शोधायचं ते मात्र ठरलं आहे. गेल्या महिन्यात पुण्याहून येताना गाडी लोणंदला रखडली. मी खाली उतरलो, बाजाराच्या बाजूला गेलो, तर एका शेडात बाया ढिगांनी कांदे सोलत आणि कापत बसल्या होत्या, वाळवण्याच्या कारखान्यासाठी. मी दारातून आत डोकावलो आणि आंधळा झालो. त्या मात्र गप्पा मारत होत्या. एकीच्याही डोळ्यांत पाणी नाही. का? त्यांच्या अश्रूंत असं काय आहे जे माझ्यात नाही?

२६ नोव्हेंबर, लोणंद

सुमैराला घेऊन सकाळच्या गाडीनं आलो. सुमैरा माझी पीएचडीची विद्यार्थिनी, मिरजेची. घरात सतारीचा धंदा, त्यामुळे कान फार तिखट. मशीनचा पंप बिघडायच्या आदल्या दिवशी ती सांगते की आवाज बदललाय. मी लक्ष देत नाही. पंप बिघडतो.

अश्रू घ्यायची रीत सोपी आहे. गाळणकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, ती ओली झाली की बर्फात ठेवायची. रडावं लागत नाही, डोळ्यांत असतो तेवढा ओलावा पुरतो. बायांनी आधी पट्टी एकमेकींच्या नाकाला लावून बघितली. मग खूप हसल्या. हसून आलेलं पाणी चालेल का, असं सुमैरानं विचारलं. प्रश्न बरा होता, उत्तर मला माहीत नव्हतं, म्हणून मी घड्याळाकडे बघितलं.

नमुने दुपारच्या जेवणानंतर घ्यायचं ठरवलं. तेव्हा बाया डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवून रांगेनं आडव्या होतात, त्यामुळे काम झटपट होतं. घडी उचलायची, पट्टी लावायची, पुढे. एक निरीक्षण महत्त्वाचं: सगळ्यांच्या डोळ्यांच्या कडांना किंचित पांढरट स्राव आढळला. कॉलेजातल्या कोणाच्याही डोळ्यांना तो नाही.

या बायांची म्होरकी चंद्राबाई. मूळची माणची, दहिवडीच्या पुढची. आता लोणंदलाच असते. शेळ्या पाळते, दूध घालते आणि वर कांद्याचं काम. घड्यासुद्धा तीच करून देते. स्वतः घेत नाही, मला लागत न्हाई म्हणते. कांद्यात सगळ्यांत जास्त काळ तिनंच काढलाय, तेव्हा सगळ्यांत मोलाचा नमुना तिचाच. पण तिच्या डोळ्यात पट्टी ठेवून आम्ही बसलो बसलो, ती ठणठणीत कोरडी. मी कारण विचारलं.

"आवं सायेब, माणातली हाय मी. आमच्याकडं हिरीला पानी न्हाई, डोळ्याला कुठनं येनार?"

जाताना तिनं मला बाजूला घेतलं. बाळासो म्हणून एक दूधवाला आहे. तो म्हणे सगळीकडे सांगत सुटलाय की चंद्राबाई शेळीच्या दुधात म्हशीचं घालते. डेंग्यूच्या पेशंटची माणसं तिच्याकडूनच शेळीचं दूध न्यायची, ती आता त्याच्याकडून नेतात. तुमचं एवढं भारी मशीन हाय, माझं दूध तपासून द्या. मी समजावून सांगितलं की हे मूलभूत संशोधन आहे, आम्ही दूधबीध करत नाही. तिनं मान हलवली आणि सुमैराकडे बघितलं.

बिजली नावाच्या तिच्या शेळीनं माझा हातमोज्यांचा खोका खाल्ला. मोजे नाही, फक्त खोका.

४ डिसेंबर, सांगली

सापडलं.

लोणंदच्या प्रत्येक नमुन्यात एक प्रथिन आहे, आणि भरपूर आहे. कॉलेजातल्या एकाही नमुन्यात ते नाही. माणसाच्या प्रथिनांच्या यादीत शोधलं तर तिथेही नाही. पण अश्रूंत नेहमी असणारं एक प्रथिन आहे, त्याच्याशी तोंडवळा जुळतो. चुलत भाऊ म्हणा. म्हणजे कांद्याच्या वाफेला तोंड देता देता त्या बायांच्या डोळ्यांनी जुन्याचं नवं घडवलं.

नाव ठरवलं: लोणंदिन.

सुमैरा म्हणाली, "सर, एकदा सगळ्या प्राण्यांच्या यादीत पण शोधू या का?" मी तिला शांतपणे विचारलं की या बाया काय प्राणी आहेत? तरुण संशोधकांनी भलतीकडे पाहू नये. लक्ष एका जागी हवं.

विश्वजीत सरांना सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हातानं चहा ओतला.

१० डिसेंबर, लोणंद

आजचा एकच हेतू, चंद्राबाईला रडवणं.

आधी सुमैरानं तिला तिच्या लग्नाची आठवण काढायला सांगितलं. चंद्राबाईनं नवऱ्याची अशी नक्कल केली की बाकीच्या बायांच्या पट्ट्या भिजल्या. मग मी वर्तमानपत्रातली एक अपघाताची बातमी गंभीर आवाजात वाचली. तिनं मधेच विचारलं की ट्रक कुठल्या गावचा. शेवटी मी माझीच कहाणी सांगितली: नेट-सेट, परदेशातली दोन वर्षं, एकट्यानं खाल्लेली कोरडी पोळी, परत आल्यावर तासिकेवरची नोकरी, आणि सदतिसाव्या वर्षी मोडलेलं तिसरं स्थळ. माझा स्वतःचाच आवाज जरा जड झाला. चंद्राबाईनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी शान्या होत्या म्हनायच्या."

पट्टी कोरडी.

निघताना तिनं सुमैराच्या पिशवीत दुधाची एक बाटली घातली. मी तिकडे कानाडोळा केला.

१७ डिसेंबर, लोणंद

आज मी विज्ञानासाठी देह झिजवला. रोज कांद्यात न बसणाऱ्या माणसाचा नमुना त्याच शेडातून हवा होता, म्हणून मीच कांदे कापायला बसलो. तिसऱ्या कांद्याला डोळे मिटले ते उघडेनात. नाक वाहायला लागलं. बाया माझ्याभोवती जमल्या, कोणीतरी 'लेकरू मरतंय' असंही म्हटलं. मग मला आडवं केलं. बिजलीचं ओरडणं अगदी कानाजवळ ऐकू आलं, मग चुळ्ळ चुळ्ळ असा आवाज, आणि चंद्राबाईनं डोळ्यांवर काहीतरी ओलं कोमट ठेवलं. शेळीचा वास येत होता, पण शेळी जवळच असल्यामुळे ते साहजिक आहे. पाच मिनिटांत आग थांबली. सुमैरानं तेव्हाच पट्टी लावून माझा नमुना घेतला. ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत होती. बहुधा आदर असावा.

१९ डिसेंबर, सांगली

विश्वास बसत नाही. माझ्या अश्रूंत लोणंदिन आहे.

म्हणजे हे प्रथिन वर्षानुवर्षांच्या सवयीनं येत नाही. तीन कांदे पुरतात. शरीराला धोका कळला की ते तासाभरात तयार करतं. परवापर्यंत माझ्यात नव्हतं, आता आहे. सुमैरानंही घरी कांदे कापून स्वतःचा नमुना तपासला, तिच्यात नाही. तिची प्रकृती तशी नाजूकच आहे.

सकाळी खात्री करायला स्वयंपाकघरात एक कांदा चिरला. डोळ्यांतून धारा लागल्या. लोणंदिन बहुधा कांद्याच्या जातीनुसार काम करत असावं. हे लिहून ठेवायला हवं.

२ जानेवारी

कॉलेजच्या गेटवर फलक लागला: 'अश्रूंचे आद्य संशोधक डॉ. कृष्णात शेलार यांचे हार्दिक अभिनंदन'. शेजारी माझा फोटो, डोळे किंचित ओले दिसतील असा. फोटोवाल्यानं ग्लिसरीन सुचवलं होतं, मी बाणेदारपणे नकार दिला. समितीच्या दिवशी चंद्राबाईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं सरांनी ठरवलंय. पत्रिकेत 'लोणंदिनच्या जननी' असं छापलंय.

नवा कोट शिवायला टाकला. आईनं आणखी एक स्थळ आणलंय, आता नाव पेपरात आलं की ठरवू म्हणाली.

७ जानेवारी

समिती परवा येणार.

सुमैरानं आज आधी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मग म्हणाली, "सर, रागावू नका. चंद्राबाईंना मी शब्द दिला होता म्हणून त्यांचं दूध मशीनवर लावलं. त्यात लोणंदिन आहे."

मी म्हटलं, मग चंद्राबाईच्या हातातून दुधात गेलं असेल.

"दुधात तर ते भरपूर आहे, सर. बिजलीच्या सडापासून आहे. बायका जेवण झाल्यावर डोळ्यांवर ज्या घड्या ठेवतात ना, त्या शेळीच्या दुधाच्या असतात. तुमच्या डोळ्यांवरही तीच होती. मला वाटलं होतं तुम्हाला माहीत आहे."

मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा झाल्यावरही थोडा वेळ पीत राहिलो.

सगळ्या प्राण्यांच्या यादीत शोधायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. शेळी. दुधातलं अगदी साधं प्रथिन, अश्रूंतल्या प्रथिनाच्या घराण्यातलंच, म्हणून तोंडवळा जुळत होता. माणसाच्या शरीरात ते बनतच नाही. पांढरट स्राव. ओलं कोमट. चुळ्ळ चुळ्ळ. सगळं मी माझ्या हातानं या वहीत लिहून ठेवलंय आणि एकदाही वाचलं नाही.

सुमैरा गेल्यावर मशीनशेजारच्या स्टुलावर बसलो. डोळ्यांतून पाणी आलं. कांदा नव्हता. नमुना घ्यायचं सुचलं नाही.

८ जानेवारी

सकाळी विश्वजीत सरांना सांगितलं. त्यांनी खिडकीतून गेटवरच्या फलकाकडे बघितलं. मग म्हणाले, समिती जाऊ दे, मग सावकाश सांगू. विज्ञानात चुका होतातच, फक्त आठवडाभर उशिरा होऊ द्या. मशीन राहील, तुम्ही राहाल, पोरीची पीएचडी राहील.

दिवसभर मला हे पटत होतं. खरं लिहितो, फार पटत होतं. मी कोणाला फसवलेलं नाही, मला तरी कुठे माहीत होतं? आणि मशीन पुण्याला गेलं तर सुमैरानं काय करायचं, सतारीला तारा लावायच्या? कोटही आला शिवून. छान बसलाय.

संध्याकाळी आप्पांचा फोन. उद्याचा कार्यक्रम गावात सगळ्यांना सांगितलाय, ते स्वतः येणार आहेत. कारखान्यावरच्या जुन्या भांडणाची गोष्ट त्यांनी हजाराव्यांदा सांगितली. मग नेहमीचं, "काटा बराबर हाय न्हवं?" मी रेंज गेली असं सांगितलं. आप्पा म्हणाले, आवाज तर झकास येतोय.

९ जानेवारी

सगळं नीट लिहायचं आहे, म्हणून सावकाश लिहितो.

सभागृह भरलेलं होतं. समितीच्या अध्यक्ष डॉ. राजेश्वरी घोरपडे, पांढरे केस, चष्मा नाकाच्या टोकावर, हसणं नाही. पहिल्या रांगेत आप्पा, फेटा बांधून. त्यांच्या शेजारी शाल पांघरून चंद्राबाई. बिजलीला सांभाळायला घरी कोणी नव्हतं म्हणून तीही टेम्पोनं आली होती. तिला सायकल स्टँडला बांधलं, तिथेच समितीसाठी आणलेले पुष्पगुच्छ ठेवले होते. त्यामुळे स्वागत फक्त नारळांनी झालं.

सरांनी डोळ्यांनीच खूण केली, ठरल्याप्रमाणे. मी माईकसमोर उभा राहिलो. पडद्यावर मोठ्या अक्षरात लोणंदिन. आप्पा मान उंच करून बघत होते, काट्यावर गाडी चढली की बघायचे तसे. मला एकदम जाणवलं की मी आता काटा मारणार आहे.

म्हणून म्हटलं, "हे प्रथिन माणसाचं नाही. शेळीचं आहे. माझी चूक झाली."

मग सगळं सांगितलं, घड्या, दूध, माझे स्वतःचे अश्रू. मागच्या बाकांवर आधी खुसखुस, मग हसू. विश्वजीत सरांनी डोळे मिटून घेतले. समितीतल्या एकानं फाईल बंद केली. मी कागद गोळा करत होतो तेवढ्यात चंद्राबाई उभी राहिली. तिला हसण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"म्हंजी ह्या समद्या बायांच्या डोळ्यात मिळालं ते नुसतं शेळीचंच? म्हशीचं न्हाई ना कायी?"

मी म्हटलं, "नाही. एका नमुन्यातही नाही. म्हशीचं थोडंसुद्धा असतं तर मशीननं धरलं असतं, त्याचं वजन वेगळं येतं."

"मग तेवढं त्या बाळासोला लिहून द्या की."

पुन्हा हशा झाला. पण राजेश्वरीबाई हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, थोडंसुद्धा म्हणजे किती? शेळीच्या हंडाभर दुधात म्हशीचा पेलाभर घातला तर? मी म्हटलं, चमचाभर घातलं तरी. त्या म्हणाल्या, डोळ्यातून पुसलेल्या कागदावर जर कळतंय तर हंड्यात कळेलच. मग एकदम हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आईला डेंग्यू झाला तेव्हा आम्ही महिनाभर शेळीचं दूध आणलं. ते कशाचं होतं, आजवर कळलं नाही."

समिती आत गेली. बाहेर आली तेव्हा निर्णय असा: मशीन एक वर्ष इथेच, दुधातली भेसळ ओळखण्यासाठी. अश्रूंचं नाव काढायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघू.

विश्वजीत सरांनी मला शेलार म्हणून हाक मारली. बरं वाटलं.

आप्पांना यातलं कितपत कळलं माहीत नाही. जाताना त्यांनी माझ्या कोटाची बाही चाचपली आणि म्हणाले, "काटा खरा हाय तुझा." मग बिजलीच्या तोंडातून उरलेला एक झेंडू काढून फेट्यात खोचला.

१० जानेवारी

गेटवरचा फलक उतरवला. रात्रीत कोणीतरी 'अश्रूंचे' खोडून 'शेळीचे' केलं होतं. अक्षर सुवाच्य होतं. स्थळाकडून नकार आला.

२० जानेवारी, लोणंद

चंद्राबाईचा अहवाल द्यायला गेलो. सुमैरानं बाळासोकडूनही रीतसर विकत घेऊन त्याचं शेळीचं दूध तपासलं होतं. त्यात शेळी आहे, पण शोधावी लागते.

अहवाल हातात दिला असता तर काम झालं असतं. पण चंद्राबाई म्हणाली, मला वाचता येतंय, पर तुमी मोठ्यानं वाचा, हितंच. हितंच म्हणजे बाजाराच्या तोंडाशी, बाळासोच्या टपरीसमोर. मी कोट घातला होता. घसा खाकरला आणि वाचलं: चंद्राबाई यांच्या दुधाचे वेगवेगळ्या दिवशीचे सर्व नमुने केवळ शेळीचे, म्हशीच्या दुधाचा अंश नाही. खाली सही, शिक्का. शेडातल्या बाया विळे घेऊनच बाहेर आल्या होत्या. बाळासो किटलीचं झाकण पुसत राहिला, पुसून पुसून. एका पेशंटच्या भावानं तिथल्या तिथे चंद्राबाईला विचारलं, उद्यापासून मिळंल का. ती व्हय म्हणाली.

मग तिचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं हसतेय. डोळे भरून आले होते, आणि ते थांबेनात, गालांवरून हनुवटीला, हनुवटीवरून पदरावर. माणच्या विहिरीला पाणी लागलं. सुमैरा माझ्याकडे बघत होती, मी सुमैराकडे.

हात सवयीनं खिशात गेला. एक पट्टी उरली होती. मी ती पुढे केली. चंद्राबाईनं ती घेतली, बघितली, आणि तिलाच जोरात नाक पुसलं. मग घडी करून मला परत दिली.

"घ्या. लय मागं लागला हुता."

सुमैरानं विचारलं, बर्फात ठेवू का. मी नको म्हटलं. पट्टी कोटाच्या वरच्या खिशात आहे. कोट धुवायला टाकण्याआधी आठवणीनं काढायला हवी.